टॅबलेटला सिमच नाही, मग आईचे सगळे कॉन्टॅक्ट्स गेले कुठून? अ‍ॅप परमिशन्सबद्दल मदत हवी आहे

गुळपोळी
आई ७३ वर्षांची, सदाशिव पेठेत एकटी राहते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आम्ही भावंडांनी मिळून तिला अँड्रॉइड टॅबलेट घेऊन दिला. फक्त वाय-फायवर चालणारा, सिम नसलेला. सकाळी ई-पेपर, दुपारी कीर्तनं, रात्री टोरोंटोला असलेल्या भावाशी व्हिडिओ कॉल, एवढाच तिचा वापर. माझी भाची चौथीत आहे, ती शाळेतून थेट आजीकडे येते. मग दोन तास टॅबलेट तिच्याकडे.

मागच्या महिन्यात भाचीने मैत्रिणीच्या वाढदिवसाचं आमंत्रण तयार करायला एक अ‍ॅप उतरवलं. उघडताना त्याने जे जे विचारलं त्या सगळ्याला 'अलाऊ' केलं. दुसऱ्या दिवसापासून आईच्या ओळखीच्या लोकांना मेसेज जायला लागले की अमुक ताईंनी तुम्हाला बोलावलं आहे, अ‍ॅप डाउनलोड करा. खाली लिंक. दूधवाले, दातांचे डॉक्टर, सांगलीची आत्या, सगळ्यांना. एक मेसेज आईच्या जिवलग मैत्रिणीच्या नंबरवर गेला. त्या मावशी मार्चमध्ये गेल्या, नंबर त्यांच्या यजमानांनी चालू ठेवलाय. त्यांचा फोन आला तेव्हा आईला काय बोलावं ते कळेना. त्यानंतर दोन दिवस ती वही घेऊन एकेकाला फोन करत होती, लिंक उघडू नका म्हणून.

भाचीला कोणी रागावलं नाही. नऊ वर्षांच्या मुलीसाठी 'अलाऊ' म्हणजे पुढे जायचं बटण. पण मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. सिम नसलेल्या टॅबलेटमध्ये नंबर आलेच कुठून? आणि आता कोणत्या परवानग्या काढू, कोणत्या ठेवू, म्हणजे आईची रोजची कामं अडणार नाहीत?

तळजाई
मी अँड्रॉइड अ‍ॅप्स बनवण्याच्या कामात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर गूगल खात्यात आहे. टॅबलेट सुरू करताना तुम्ही आईच्या फोनवरचंच जीमेल टाकलं असणार. फोनमधले नंबर त्या खात्यात साठवलेले असले तर खातं जिथे उघडाल तिथे ते उतरतात. सिमचा त्याच्याशी काही संबंध नाही. लोकेशनचंही तसंच. अनेक वाय-फाय टॅबलेटमध्ये जीपीएस नसतं, पण आजूबाजूच्या वाय-फाय राउटरवरून घर कुठल्या भागात आहे हे बऱ्यापैकी नेमकं कळतं. 'आमच्या टॅबमध्ये सिम नाही, काय जाणार' हे वाक्य मी फार घरांमध्ये ऐकलंय.

आता परवानग्या. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ आलं, तोपर्यंत अ‍ॅप घेतानाच सगळ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागायच्या, नाहीतर अ‍ॅप घ्यायचंच नाही. ६ पासून एकेक परवानगी अ‍ॅप वापरताना विचारली जाते आणि नंतर काढूनही घेता येते. हे 'नंतर काढून घेता येते' बहुतेकांना माहीतच नसतं. एकदा हो म्हटलं म्हणजे विषय संपला असं वाटतं.

सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी' किंवा 'सिक्युरिटी अँड प्रायव्हसी' शोधा, त्यात 'परमिशन मॅनेजर' असतं. मराठी भाषा ठेवली असेल तर 'परवानगी व्यवस्थापक' अशासारखं काहीतरी दिसेल. लोक एकेक अ‍ॅप उघडून बघत बसतात आणि पाचव्या अ‍ॅपला कंटाळतात. तुम्ही उलट बाजूने जा. परमिशन मॅनेजरमध्ये 'कॉन्टॅक्ट्स' उघडा. आईचा फोनबुक वाचायची मुभा असलेली सगळी अ‍ॅप्स एका पानावर दिसतील. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: आई या अ‍ॅपने कोणाला तरी फोन किंवा मेसेज करते का? नसेल तर काढा. पंचांग, पाककृती, शब्दकोडं, फोटोला चौकट लावणारं, कोणालाही फोनबुक लागत नाही. मग मायक्रोफोन, मग कॅमेरा, मग लोकेशन. चार पानं, अर्धा तास.

काढल्यावर अ‍ॅप बिघडेल ही भीती नको. गरज पडली तर ते पुन्हा विचारेल. अँड्रॉइड ११ पासून एकाच गोष्टीला दोनदा नकार दिला की अ‍ॅपला पुन्हा ती खिडकी दाखवता येत नाही. चुकून नको तिथे दोनदा नकार दिलात तर सेटिंग्जमध्ये जाऊन सुरू करायचं, एवढंच.

ओंकारेश्वर
मी ६९ वर्षांचा आहे, आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात बहुतेकांकडे आता टॅबलेट आहेत, त्यामुळे हा धागा फार जवळचा वाटला. एक शंका. माझं पंचांगाचं अ‍ॅप लोकेशन मागतं. मी दिलं होतं, कारण सूर्योदय ठिकाणावर अवलंबून असतो आणि तिथी सूर्योदयावर धरतात. हे चुकलं का?

तळजाई
ओंकारेश्वर काका, तुमचं कारण अगदी बरोबर आहे. पण सूर्योदयासाठी तुमचं घर कोणत्या गल्लीत आहे ते लागत नाही, पुणे एवढं पुरतं. अ‍ॅपमध्ये शहर निवडायची सोय असेल तर पुणे निवडा आणि लोकेशन बंद करा. नसेल तर अँड्रॉइड १२ पासून 'प्रिसाइज' आणि 'अ‍ॅप्रॉक्सिमेट' असे दोन पर्याय असतात, त्यातला दुसरा घ्या. त्यात अ‍ॅपला साधारण ३ चौरस किलोमीटरचा परिसर कळतो. पंचांगाला आणि हवामानाला तेवढं भरपूर झालं. आणि वेळेचा पर्याय 'अ‍ॅप वापरत असताना' एवढाच ठेवा. 'ऑल द टाइम' म्हणजे टॅबलेट कपाटात असला तरी अ‍ॅप विचारू शकतं.

कर्वेरोड
थोडा वेगळा सूर लावते, राग मानू नका. असं सगळं वाचून मी सासऱ्यांच्या टॅबलेटमधून दिसेल ती परवानगी काढून टाकली. त्यांचे हात थरथरतात, ते मराठीत बोलून टाइप करतात. मी कीबोर्डचा आणि गूगल अ‍ॅपचा, दोन्हींचा माइक बंद केला होता. मी ऑफिसला गेले आणि दिवसभर त्यांना नातवाला एक ओळ लिहिता आली नाही. संध्याकाळी म्हणाले, "टॅब खराब झालाय बहुतेक, राहू दे, माझं काही अडत नाही." त्यांचं अडत होतं, पण ते सांगणार नव्हते.

म्हणून माझं म्हणणं असं की म्हातारी माणसं ज्या गोष्टीवर टेकलेली आहेत ती आधी शोधा. एक दिवस त्यांच्या शेजारी बसा, ते काय काय करतात ते पाहा आणि मगच सेटिंग्ज उघडा.

दुपारची_लोकल
+१. आमच्याकडे बाबांचं श्रवणयंत्र टॅबलेटला ब्लूटूथने जोडलेलं. त्याचं अ‍ॅप लोकेशन मागतं हे पाहून मला संशय आला, मी बंद केलं, तर यंत्र सापडेचना. श्रवणयंत्राला पत्ता कशाला हवा?

तळजाई
तुमचा टॅबलेट अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीचा असणार. त्या आवृत्त्यांमध्ये जवळची ब्लूटूथ यंत्रं शोधायची तर अ‍ॅपकडे लोकेशनची परवानगी असावीच लागते, कारण आजूबाजूची ब्लूटूथ यंत्रं पाहून जागा ओळखता येते. १२ पासून त्यासाठी 'निअरबाय डिव्हायसेस' ही वेगळी परवानगी आली. तुमच्या बाबतीत 'अ‍ॅप वापरत असताना' देऊन ठेवा, त्यात गैर काही नाही. अ‍ॅप काहीतरी विचित्र मागतंय म्हणजे ते लबाडच असतं असं नाही.

कर्वेरोड, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. मी 'काढा, पुन्हा विचारेल' असं सहज लिहून गेलो. पुन्हा विचारणारी ती खिडकी इंग्रजीत आली, अक्षर बारीक असलं, माणूस घरात एकटं असलं, तर तिचा काही उपयोग नाही.

राजाराम_पूल
वकिली करतो, कायद्याच्या बाजूने थोडं. गुळपोळी, तुमच्या आईच्या बाबतीत जे झालं त्याच्या अगदी जवळचं उदाहरण आपल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, म्हणजे २०२३ च्या कायद्यात, कलम ६ खाली दिलंय. एक बाई घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला देणारं अ‍ॅप घेते. अ‍ॅप दोन गोष्टींना संमती मागतं, उपचारासाठी माहिती वापरायला आणि फोनबुक वाचायला. ती दोन्हींना हो म्हणते. कायदा म्हणतो की सल्ला द्यायला फोनबुक लागत नाही, तेव्हा तिची संमती पहिल्या गोष्टीपुरतीच धरायची. म्हणजे 'अलाऊ' दाबलं म्हणून सगळंच दिलं असा अर्थ होत नाही. हे वाक्य कायद्यात आल्याचं मला फार समाधान वाटलं होतं.

१८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती लागेल, त्यांच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवता येणार नाहीत, आणि हे मोडलं तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचता यायला हवी, त्यात मराठी आलीच. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. पण कंपन्यांच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे. तोवर आपलं राखण आपणच करायचं आहे.

कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सबाबत मात्र रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच सांगून ठेवलंय: त्यांनी फोनबुक, कॉल लॉग, फाइल्स आणि फोटोंना हात लावायचा नाही. केवायसीसाठी कॅमेरा, माइक किंवा लोकेशन एकदा, ग्राहकाच्या स्पष्ट संमतीने. कोणाच्या घरी कर्जाचं अ‍ॅप फोनबुक मागत असेल तर तिथेच थांबा.

चिंचेचं_झाड
सगळे काय काढावं, काय ठेवावं हे सांगतायत. मला एक वेगळीच गोष्ट खटकतेय. फोन एकाचा असतो, टॅबलेट घराचा असतो. आमच्या घरी तो दिवाणखान्यात टीपॉयवर पडलेला असतो. मुलगी, आजी, मी, स्वयंपाकाला येणाऱ्या ताई, ज्याला हवा तो घेतो. 'अलाऊ' दाबणारा एक असतो आणि त्याची झळ दुसऱ्यालाच बसते. गुळपोळींच्या घरी दाबलं भाचीने, नावं गेली आजीची. आणि खरं तर आजीचीही नाहीत. फोनबुकमधल्या माणसांना कोणी विचारलं होतं? त्या यजमानांना कोणी विचारलं होतं?

दुसरं. तुम्ही आईच्या टॅबलेटमध्ये बदल करणार आहात, ते आईला दाखवून करा. ती झोपलेली असताना सगळं 'नीट' करून ठेवू नका. माझ्या आईच्या बाबतीत मी तेच केलं होतं. तिला वाटलं, आपल्याला काही कळत नाही म्हणून पोरं परस्पर ठरवतात. तिने टॅबलेट जवळजवळ सोडूनच दिला. त्याची हळहळ मला अजून आहे.

गुळपोळी
चिंचेचं_झाड, हे वाचून मी थांबले. मी नेमकं तेच करणार होते, शनिवारी आई देवळात गेली की. आता रविवारी तिच्यासोबत बसते.

तळजाई, एक विचारायचं राहिलं. भाचीसाठी काय करू? टॅबलेट काढून घेणं हा उपाय मला नकोय.

तळजाई
बऱ्याच अँड्रॉइड टॅबलेटमध्ये एकाहून जास्त 'युजर्स' करता येतात, सेटिंग्जमध्ये 'युजर्स' म्हणून शोधा. भाचीसाठी वेगळा युजर उघडा आणि त्यात आईचं जीमेल टाकूच नका. त्या खात्यात फोनबुक रिकामं, फोटो रिकामे. तिने चुकून हो म्हटलं तरी द्यायला काही नसेल. पडदा खाली ओढून नाव बदललं की झालं, मुलं हे आपल्यापेक्षा लवकर शिकतात. आयपॅडवर मात्र घरगुती वापरासाठी ही सोय नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे परमिशन मॅनेजरच्या त्या चार पानांत दिसतच नाही. सेटिंग्जमध्ये 'स्पेशल अ‍ॅक्सेस' नावाचा वेगळा कोपरा असतो, आणि 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' त्याहून वेगळी. अ‍ॅक्सेसिबिलिटी ही सोय अंध आणि अपंग व्यक्तींसाठी आहे. ती घेतलेलं अ‍ॅप पडद्यावरचं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. वाहतुकीच्या दंडाची पावती किंवा लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर ज्या एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवायच्या फाइल) येतात, त्या हीच परवानगी किंवा मेसेज वाचायची मुभा मागतात. मग ओटीपी काय आणि बँकेचं अ‍ॅप काय. अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या यादीत कोण आहे ते आज बघा. तुम्ही स्वतः सुरू न केलेलं एकही नाव तिथे नको. 'इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स' मध्ये ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप, फाइल मॅनेजर सगळे बंद. 'डिस्प्ले ओव्हर अदर अ‍ॅप्स', 'नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस' आणि 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' याही तीन याद्या पाहून घ्या.

एखाद्या घरी असं अ‍ॅप आधीच आलेलं असेल आणि पैसे गेले असतील तर वाय-फाय बंद करा, दुसऱ्या फोनवरून लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, बँकेला कळवा. सेटिंग्ज नंतर.

दुपारची_लोकल
माइक काढला तरी अ‍ॅप इंटरनेट वापरतच राहतं ना? तेही बंद करता येतं का?

तळजाई
साध्या अँड्रॉइडमध्ये इंटरनेटची परवानगी वापरणाऱ्याला काढता येत नाही. म्हणून तर बाकीच्या परवानग्या महत्त्वाच्या. बाहेर जायचं दार उघडंच आहे, निदान खोल्यांना कुलूप असू दे.

अँड्रॉइड १२ पासून 'प्रायव्हसी डॅशबोर्ड' आहे, त्यात गेल्या २४ तासांत कॅमेरा, माइक, लोकेशन कोणी कधी वापरलं ते वेळेसकट दिसतं. आणि माइक किंवा कॅमेरा चालू असला की वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण येते. आईंना ती एवढी खूण दाखवून ठेवा.

कर्वेरोड
फोटोंचं कोणी लिहिलं नाही. अँड्रॉइड १४ मध्ये 'निवडक फोटो' हा पर्याय आहे, अ‍ॅपला सगळी गॅलरी न देता दोनच फोटो देता येतात. सासऱ्यांच्या टॅबमध्ये आधार, पॅन, पेन्शनची कागदपत्रं सगळी फोटोंमध्येच होती, म्हणून मला हे फार कामाचं वाटलं.

ओंकारेश्वर
माझ्या मुलीकडे आयपॅड आहे, तिथेही असंच असतं का?

राजाराम_पूल
हो काका. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', तिथेही कॉन्टॅक्ट्स, मायक्रोफोन अशा याद्या आहेत. माइक चालू असला की नारिंगी ठिपका, कॅमेऱ्याला हिरवा. इतर कंपन्यांच्या अ‍ॅप्समध्ये माग काढू द्यायचा का, हेही २०२१ पासून प्रत्येक अ‍ॅपला विचारावं लागतं. तिथे सरळ नाही म्हणावं.

गुळपोळी
काल दुपारी आईबरोबर बसले. टॅबलेट अँड्रॉइड १३ चा निघाला, त्यामुळे निवडक फोटोंचा पर्याय नाही, बाकी सगळं आहे.

कॉन्टॅक्ट्सच्या पानावर १४ अ‍ॅप्स होती. आईने चष्मा लावला आणि एकेक नाव वाचत गेली. "ही कोडी सोडवताना मी कोणाला फोन करते?" म्हणाली आणि स्वतःच बंद केलं. मी फक्त बोट कुठे ठेवायचं ते दाखवत होते. शेवटी एकटं व्हॉट्सअ‍ॅप राहिलं. तेही बंद करून पाहिलं, तर नावांऐवजी नंबर दिसायला लागले. आई म्हणाली, नको, मला माणसं नावाने दिसू देत. पुन्हा सुरू केलं. हवामानाच्या अ‍ॅपचं लोकेशन मी काढायला निघाले होते, तर तिने अडवलं. मंडईत जायच्या आधी ती पाऊस बघते. अंदाजे ठिकाण ठेवून दिलं. एका कीर्तनाच्या अ‍ॅपकडे माइक होता, ऐकायच्या अ‍ॅपला माइक कशाला, तो काढला. अ‍ॅक्सेसिबिलिटीत कोणी नव्हतं, जीव भांड्यात पडला.

भाचीचा वेगळा युजर झाला, तिने त्याला मांजराचं चित्र लावलंय.

ते आमंत्रणाचं अ‍ॅप काढून टाकलं, पण एक गोष्ट मनातून जात नाही. जे नंबर त्यांच्याकडे गेले ते गेलेच ना?

तळजाई
हो. परवानगी काढली किंवा अ‍ॅप पुसलं की पुढचं थांबतं, गेलेलं परत येत नाही. पण त्यात खातं उघडलं गेलं असेल तर ते मिटवायला सांगता येतं. ज्या अ‍ॅपमध्ये खातं उघडता येतं, त्यांनी ते मिटवायची सोय अ‍ॅपमध्ये आणि बाहेर वेबवरही द्यावी, असा प्ले स्टोअरचा नियम आहे. प्ले स्टोअरवर त्या अ‍ॅपच्या पानावर 'डेटा सेफ्टी' भाग असतो, तिथे लिंक पाहा. तिथलं बाकीचं वर्णन कंपनीने स्वतःच भरलेलं असतं, त्यावर फार विसंबू नका. खातं मिटवा आणि कंपनीच्या पत्त्यावर मेलही टाका की फोनबुक पुसा. नमुना हवा असेल तर राजाराम_पूल लिहून देतील का?

राजाराम_पूल
देतो, आज रात्री इथेच टाकतो. मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही.

गुळपोळी
मनापासून आभार. मेल आईच्या नावाने जाईल, तिनेच तसं सांगितलंय.

ओंकारेश्वर
तळजाई, एक विनंती आहे. आमच्या संघात दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता बैठक असते. आपण एकदा येऊन हे समोर बसून दाखवाल का? अनेकांची मुलं परदेशी आहेत, शेजारी बसून सांगणारं कोणी नाही. सगळ्यांनी काय काय घेऊन यावं तेही सांगा.

तळजाई
नक्की येतो काका, या शनिवारीच. टॅबलेट चार्ज करून आणा आणि वाचायचा चष्मा आणा. पासवर्ड कागदावर लिहून आणू नका. परवानग्या काढायला गूगलचा पासवर्ड लागत नाही, आणि तो कोणी मागितला, अगदी मी मागितला, तरी देऊ नका.

कर्वेरोड
मीही येते. अक्षर मोठं करून देणं आणि भाषा मराठी करून देणं, ते माझ्याकडे.